डाव्या हाताचा चेंडू

मोटारीचं दार लावल्यावर कसा आवाज यावा, या विषयावर वासुदेव मेहेंदळे तासभर बोलू शकतो, आणि समोरच्याने वेळीच काढता पाय घेतला नाही तर बोलतोही. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत तो गाड्यांच्या दारांची कुलपं जुळवतो. कुलपाचा एक भाग दारात बसतो, दुसरा चौकटीला, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात. दोन्ही नकाशाबरहुकूम असतात, तपासलेले असतात, आणि तरी कधीकधी दार म्हणून लागत नाही. मग दोन्ही कारखान्यांची माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे बोट दाखवतात. वासुदेव त्या बैठकीत फार वेळ टिकत नाही. तो खाली जाऊन दार उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो, पुन्हा लावतो. चूक कोणाची ते मागाहून बघू, आधी दोघांची ओळख तर होऊ दे, असं त्याचं म्हणणं. पुष्कळदा तेवढ्यानेच दार मुकाट्याने लागायला लागतं.

गावातल्या मराठी मंडळींत मात्र त्याची ख्याती वेगळ्याच कारणासाठी आहे. कोणाकडेही जेवणं आटोपली, गप्पा रंगल्या की कोणीतरी म्हणतंच, "वासुकाका, ती रिबिनीची गोष्ट सांगा ना!" आणि वासुकाका एका पायावर तयार असतात. गोष्ट मिरजेची. वासुदेव जन्माचा डावखुरा. शाळेत घालायची वेळ आली त्या उन्हाळ्यात त्याच्या मोठ्या बहिणीने, मालिनीताईने, स्वतःच्या वेणीची लाल रिबीन सोडली, त्याचा डावा हात कमरेच्या करदोट्याला बांधला आणि उजव्या हातात पेन्सिल दिली. ताई तेव्हा बारा वर्षांची. "सबंध सुट्टी मी असा!" म्हणत वासुदेव डावा हात कमरेला चिकटवून, एका पंखाच्या कोंबड्यासारखा दिवाणखान्यात फेरी मारून दाखवतो, आणि माणसं हसून हसून बेजार होतात. आज तो उजव्याने लिहितो, उजव्याने जेवतो, उजव्यानेच पाना फिरवतो. डावा हात आपला आहे, एवढंच.

त्याची मुलगी इराही डावखुरी निघाली. तिचा हात कोणी बांधला नाही. बालवाडीतल्या बाईंनी तिला डावखुऱ्यांची कात्री आणून दिली आणि विषय संपला. घरात फक्त एक नियम राहिला, तोही वासुदेवचाच: प्रसाद घेताना, कोणी मोठ्यांनी काही दिलं तर घेताना, हात उजवा. तो म्हणायचाही नाही फार, नुसतं "इरा, उजवा" एवढं, आणि ती हात बदलायची.

सतरा वर्षांची इरा गावच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्रीडामंडळात, अमेरिकन फुटबॉल खेळते. या फुटबॉलमध्ये पायाला धावण्यापलीकडे काम नाही, आणि चेंडूही गोल नाही, हे वासुदेवला पचायला वर्ष लागलं. मुलींच्या खेळात अंगावर धाडधाड आदळणं नसतं. प्रत्येकीच्या कमरेला दोन रिबिनी लटकत असतात, त्यांतली एक ओढून काढली की चेंडूवाली जागच्या जागी थांबते. इरा क्वार्टरबॅक. ती मागे उभी राहून चेंडू फेकते, आणि पुढे धावत जाऊन तो झेलतात त्या रिसीव्हर. सगळ्यांत वेगवान रिसीव्हर लेओनी, इराच्याच वर्गातली, पायात चाकं बसवल्यासारखी पळणारी मुलगी. मागच्या वर्षीच्या उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकच्या चेंडूंना लेओनीने कधी दगा दिला नव्हता. ती क्वार्टरबॅक शिकायला फ्रँकफर्टला गेली, तिच्या जागी इरा आली, आणि वसंतापासून लेओनीच्या हातून चेंडू सटासट निसटायला लागले. लेओनीच्याच कशाला, सगळ्यांच्याच.

सुट्टीच्या आधीच्या एका सामन्यात तर कहर झाला. इराचा चेंडू बरोबर छातीशी येई, रिसीव्हरची बोटं त्याला लागत, आणि चेंडू साबणासारखा सटकून गवतावर पडे. सामना संपल्यावर कोच बिर्गिट इरा आणि वासुदेव उभे होते तिथे आली. बिर्गिट शाळेत खेळ शिकवते. बोलणं सरळ, मन त्याहून सरळ.

"आल्झो," ती जर्मनमध्ये म्हणाली, "इराचा हात चांगला आहे. माझ्या मुलींचे हातही चांगले आहेत. पण त्यांचं एकमेकांशी जमत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या सामन्यात बघते. नाहीच जमलं तर याना फेकेल. ती उजव्या हाताची आहे. इराला मी बचावात खेळवीन."

इराने मान डोलावली आणि "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली. गाडीत बसल्यावर तिने खिडकीकडे तोंड केलं ते घर येईपर्यंत.

आता इथे वासुदेवने गप्प बसायचं होतं. पण मुलगी रडवेली झाली की मराठी बापाला उपाय सुचल्याशिवाय राहत नाही. घरामागच्या हिरवळीवर इरा खेळाच्याच कपड्यांत चेंडू घेऊन उभी होती, तेव्हा तो जवळ गेला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "डाव्या हाताने चेंडू उलटा फिरतो हीच अडचण आहे ना? मग उजव्याने फेकायचा सराव कर. थोडे दिवस जड जाईल. मला जमलं की नाही?"

इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. त्या दिवशी मराठीत दिलं, बापाला नीट लागावं म्हणून. कमरेची रिबीन उपसून तिने त्याच्यापुढे धरली.

"मग बांध ना बाबा, माझा पण हात."

रिबिनीकडे बघत तो तसाच उभा राहिला. इराने रिबीन खाली टाकली आणि रागारागाने चेंडू भिरकावला, बापाच्या अंगावरच जवळजवळ. वासुदेवने तो झेलला. दोन्ही हातांत, पोटाशी, नेहमीसारखा. चेंडू परत देतादेता तो थबकला.

चष्मा लावणारा, पोट सुटलेला, साठीकडे झुकलेला माणूस मी, त्याच्या मनात आलं. लेओनीच्या हातून जो चेंडू सुटतो तो माझ्या हातात कसा बसतो? दोन वर्षं तो या हिरवळीवर इराचे चेंडू झेलत आला होता आणि त्याला ते कधी अवघड वाटले नव्हते. कारण सोपं होतं. त्याला दुसऱ्या कोणाचा चेंडू कधी मिळालाच नव्हता. तो पहिल्यापासून डाव्या हाताच्याच चेंडूवर वाढला होता. मुलींच्या हातांना उजव्या चेंडूची सवय होती. तो एका बाजूला गरगरत येतो, इराचा दुसऱ्या बाजूला, आणि शेवटच्या क्षणी कलतोही उलटा. कोणाचीच चूक नव्हती. दार नुसतं पुरेसं उघडलं-लावलं गेलं नव्हतं.

"त्यांना तुझे चेंडू भरपूर झेलायला मिळाले पाहिजेत," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

"माझा खांदा," इरा पुन्हा जर्मनवर गेली. खांदा भरून यायचा म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला सामन्याबाहेर फार फेकायला मनाई केली होती. आणि संघात दुसरं डावखुरं कोणी नव्हतं.

वासुदेवने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यात घराची किल्ली होती. किल्ल्या, पिशव्या, छत्री, असलंच काहीबाही त्या हाताकडे असायचं.

रात्री जेवताना त्याने बायकोला, ऊर्मिलाला, आपला बेत सांगितला. तिने आमटी वाढतावाढता त्याच्याकडे बघितलं. "अहो, छत्तीस गुण जुळले तरी संसार करूनच बघावा लागतो, हे पटलं मला. पण तुम्ही फेकणार? डाव्याने? शेजाऱ्यांच्या काचा आहेत समोर."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर इरा घरी नाही असं बघून तो हिरवळीवर उतरला. पहिला चेंडू पुढे जाण्याऐवजी सरळ वर गेला. दुसरा शेजारच्या हेर क्लाइनच्या लाल बेरींच्या झुडपात शिरला. तिसरा हातातून सुटलाच नाही. डावा खांदा गंजल्यासारखा करकरत होता, बोटांना चेंडूची शिवण सापडत नव्हती. आपण कोणाचातरी हात उसना घेऊन आलो आहोत असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचंच वाईट वाटलं. हात त्याचा होता. तो पाच वर्षांचा होईपर्यंत तोच त्याचा खरा हात होता. त्याच हाताने त्याने गोट्या खेळल्या होत्या, कैऱ्या पाडल्या होत्या, खडूने फरशीवर हत्ती काढला होता. वासुदेवला तो हत्ती एकाएकी लख्ख आठवला, आणि तो झुडपाशी चेंडू शोधायच्या निमित्ताने बराच वेळ ओणवा राहिला.

त्याच आठवड्यात मालिनीताई आली. नवरा गेल्यापासून ती मिरजेत एकटी असते. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त. वासुदेव दोन वर्षं मागे लागला होता, तेव्हा कुठे उन्हाळ्यापुरती यायला राजी झाली. बॅग उघडून तिने पहिल्यांदा गणपतीच्या प्रसादाची पुडी काढली आणि इरापुढे धरली. इराचा डावा हात पुढे आला.

"इरा, उजवा," वासुदेव म्हणाला.

इराने हात बदलला. ताईने खडीसाखर तिच्या हातावर ठेवली आणि क्षणभर भावाकडे पाहिलं.

बोलायची घाई ताईला कधीच नव्हती. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, भाजी निवडायची, आणि खाली भाऊ डाव्या हाताने चेंडू फेकतो आहे ते बघायची. आता चेंडू जात होता. वेडावाकडा का होईना, पण जात होता, आणि गरगरत होता इराच्याच बाजूला. एका संध्याकाळी वासुदेव खांदा चोळत वर आला तर ताईने वाटीत तीळतेल कोमट करून ठेवलेलं.

"बस इथे. शर्ट काढ."

तो मुकाट्याने बसला. ताईच्या हाताला अजून जोर होता. खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून बोटांपर्यंत ती तेल जिरवत राहिली. एकेक बोट वेगळं घेऊन चोळलं.

"हाच बांधला होता मी," ती म्हणाली.

"कधी? मला नाही आठवत."

"आठवत नाही म्हणे! गेल्या दिवाळीला व्हिडिओ पाठवलास ना तुमच्या मराठी मंडळींच्या पार्टीचा. कोंबडा होऊन नाचतोस त्यात." तिचा हात थांबला नाही. "सगळे हसतात. मला नाही हसू येत, वासू."

वासुदेव गोरामोरा झाला. इतकी वर्षं तो गोष्ट सांगत आला, पण त्या गोष्टीत ताई नावाचं कोणी माणूस आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं की हसण्यावारी नेलं की झालं.

"ताई, अगं, मी काही मनात धरून नाही..."

"ठाऊक आहे. तू कशाला धरशील. मी धरलंय." ताईने वाटी बाजूला ठेवली. "पहिलीला ते गुरुजी होते ना, डाव्या हाताने लिहिलं की पट्टी उभी धरून बोटांवर मारायचे. माझ्या वर्गातल्या एकीची नखं काळीनिळी झालेली बघितली होती मी. तू एवढासा. म्हटलं, ह्याला शाळेत घालायच्या आत सवय मोडली पाहिजे. आईला जमेना, तिला रडू यायचं. मग मीच बांधला. तू पहिल्या दिवशी फार रडलास. मग रडायचा थांबलास, ते मला जास्त लागलं."

आत ऊर्मिलाने कुकर बंद केला. ताईने पदराने हात पुसले.

"पुढे मी शिक्षिका झाले. वर्गात डावखुरं पोर आलं की मी त्याला डावीकडच्या कडेला बसवायची, म्हणजे शेजाऱ्याला कोपर लागायला नको. एकाचाही हात बदलू दिला नाही. आईबाप भांडायला आले तरी नाही. पण वाचलेल्या त्या हातांत तुझा हात थोडाच होता?"

वासुदेवने तेलकट डावा हात तिच्या हातावर ठेवला. मग ताई म्हणाली, "चेंडू सोडताना मनगट वाकतं तुझं. वरून दिसतं मला. ते सरळ ठेव."

ज्या बाईने जन्मात सागरगोट्यांपलीकडे काही फेकलं नव्हतं तिने असा सल्ला द्यावा, आणि तो बरोबर निघावा, याला काय म्हणायचं! मनगट सरळ ठेवल्यावर चेंडू सुसाट गेला.

पुढच्या सरावाला वासुदेव मैदानावर गेला आणि त्याने बिर्गिटला विचारलं. बिर्गिट आधी हसली, मग तिने चेंडूंची जाळी त्याच्यापुढे ओतली. रोज सराव सुरू व्हायच्या आधी हा काका एका टोकाला उभा राहायचा आणि मुली एकामागून एक पळत यायच्या. त्याचे चेंडू इराच्या चेंडूंइतके जोरदार नव्हते, लांब जात नव्हते, पण फिरत होते तसेच. लेओनीच्या हातून पहिले कितीतरी पडले. प्रत्येक वेळी ती स्वतःवरच चिडायची.

"चिडू नकोस," वासुदेव तिला म्हणायचा. "अजून ओळख व्हायची आहे."

"कोणाची ओळख, हेर मेहेंदळे?"

"तुझ्या हातांची. माझ्या हाताशी."

त्याची स्वतःची तरी कुठे धड झाली होती? पण रोज थोडी होत होती. एक दिवस सकाळी त्याच्या लक्षात आलं की आपण दात डाव्या हाताने घासतो आहोत. तो आरशासमोर ब्रश तोंडात ठेवून तसाच उभा राहिला आणि त्याला हसू आलं, पार्टीतलं नव्हे, वेगळं.

लेओनी हळूहळू बदलली. आधी ती चेंडूकडे हात न्यायची, आता चेंडू हातात येईपर्यंत वाट बघायला लागली. बोटं किंचित आधी मिटायला शिकली. इरा कडेला बसून पाणी पीत हे बघायची. बापाशी ती चेंडूंपुरतंच बोलायची, पण एकदा घरी येताना गाडीत तिने त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून काढून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्याची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून पाहिली. गाडी सिग्नलला उभी होती म्हणून बरं.

सामन्याच्या दिवशी ताईही आली, साडीवर ऊर्मिलाचं जाकीट चढवून, मांडीवर रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन. मुलींच्या कमरेकडे बघून तिने विचारलं, "ह्या रिबिनी कशाला रे?"

"ओढली की थांबायचं असतं."

ताईने "हं" केलं आणि डब्याचं झाकण उगाचच पुन्हा दाबून लावलं.

पहिलाच चेंडू इराने लेओनीला टाकला, आणि तो लेओनीच्या हातून सुटला. पलीकडे याना उठून हात मोकळे करायला लागली होती. बिर्गिटने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि इराला खुणेने विचारलं, बदलू का? इराने मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा लेओनीकडेच बोट दाखवलं.

दुसरा चेंडू लांब होता. लेओनी कडेकडेने सुटली, दोघी तिच्या मागे. इराचा डावा हात मागे गेला आणि चेंडू निघाला. तो गरगरत, उलटा गरगरत आला, शेवटी जरासा कलला, आणि लेओनीने हात न ताणता, नुसते उघडून धरले. चेंडू आला आणि बसला. असा बसला की वासुदेवला त्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, दार नीट लागल्याचा.

त्यानंतरही एखाददुसरा पडला, नाही असं नाही. सामना तर त्या हरल्याच. समोरचा संघ दांडगा होता, उगाच खोटं कशाला बोला. पण शेवटची शिट्टी झाल्यावर बिर्गिट इराच्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हणाली, "तू राहतेस. यानाला सांगते मी." आणि लेओनी इराच्या गळ्यात पडली. हरलेला संघ जिंकल्यासारखा नाचत होता. समोरच्या मुली बुचकळ्यात पडल्या होत्या.

ताई डबा उघडून मैदानाच्या कडेला उभी राहिली. मुलींना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या रांगेने आल्या. घामेजलेली, गुडघ्यांना माती लागलेली इरा पुढे आली आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिने उजवा हात पसरला.

"तो नको," ताई म्हणाली. तिने इराचा डावा हात स्वतःच ओढून घेतला, तळव्यावरची माती पदराने पुसली आणि लाडू त्या हातावर ठेवला. इराने आत्याकडे बघितलं, मग बाबाकडे, आणि लाडू अख्खा तोंडात कोंबला, म्हणजे काही बोलायला नको.

रांगेत शेवटी वासुदेव. त्याने उजवा हात पुढे केला.

ताईने लाडू उचलला होता, पण ठेवला नाही. ती नुसती उभी राहिली, लाडू तसाच धरून. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती कुठेच बघत नव्हती, फक्त त्याच्या पसरलेल्या हाताकडे. वासुदेवला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने हात बदलला.